माहितीचा शोध आणि तिची पारख

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ‘प्रोजेक्ट’ असतो. कर्जत व खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुले त्या निमित्ताने एखादे सॉफ्टवेअर रचतात. त्यासाठी लागणारी माहिती कोठे मिळते आणि तिची पारख कशी करावी, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

माहितीचे उगम मुख्यतः तीन. पहिला, साधन घडविणाऱ्यांनीच लिहिलेली पुस्तिका. युनिक्सची अशी पुस्तिका १९७१ साली निघाली. पुस्तिका वाचावयास रूक्ष खरी. पण आज्ञेचा नेमका अर्थ तिच्यातच सापडतो. दुसरा उगम इतरांच्या प्रश्नोत्तरांचा. २००८ साली सुरू झालेले स्टॅक ओव्हरफ्लो हे त्यांचे मोठे भांडार होय. तिसरा, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरोघर पोचलेला बोलका यंत्रसहायक.

प्रश्नोत्तरांत काळ फसवितो. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसावाचून चाले. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कंस सक्तीचा झाला आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. म्हणून त्या काळी बरोबर असलेले उत्तर आज चालतेच असे नाही. उत्तराची तारीख व आवृत्ती आधी पाहावी ती एवढ्यासाठी. यंत्रसहायकाचा दोष निराळा. अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नावही तो कधी कधी ठामपणे सांगतो. ते नाव पुस्तिकेशी ताडून पाहावे आणि चार ओळींचा प्रयोग करून मगच पुढे जावे.

परंतु काही माहिती या तिन्हींत नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने दरडीचा इशारा देणारे सॉफ्टवेअर करावयास घेतले आणि आधाराला केवळ यादी घेतली, तर आज्ञावलीत एकही चूक नसताना अशी वाडी तीतून सुटेल. भेगा कोठे दिसल्या, ओहोळाचे पाणी केव्हा गढूळ झाले, रात्री तेथे मोबाइलला रेंज असते की नाही, हे वाडीतल्या जाणत्या माणसांनाच विचारावे लागते.

डोंगर चढून विचारणे हाही शोधाचाच भाग आहे. तेवढी पायपीट झाल्यावाचून असा प्रोजेक्ट पुरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही.