भयाला शेंदूर लावणारी माणसं

आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. तिन्हीसांजेला ठाण्यातल्या वर्तकनगरच्या वसाहतींत पहिल्या पणत्या लागतात, दारापुढे गाय-वासराची रांगोळी निघते आणि दिवाळी सुरू होते. त्याच तिथीला ठाणे-पालघरच्या पाड्यांवर आणि अकोले-इगतपुरीच्या डोंगरवाड्यांत वाघबारस असते. वारली, महादेव कोळी, ठाकर समाजातली माणसं वाघदेवाच्या ठाण्यावर जमतात, नारळ फोडतात, कोंबडं देतात. गुराखी पोरं घरोघरचे तांदूळ मागून रानात खीर शिजवतात. काही ठिकाणी एखादं पोर वाघ होतं आणि बाकीची त्याला शिवारापलीकडे पिटाळून लावतात. एके ठिकाणी गाय पुजली जाते, दुसरीकडे गाय मारणारा. मागणं मात्र दोन्हीकडे एकच असतं : गोठा भरलेला राहू दे.

माणूस ज्याला भितो त्याचं चित्र का काढतो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला वर्तकनगरकरांना लांब जावं लागत नाही. उपवन तलावाच्या मागे येऊरचा डोंगर चढू लागतो आणि तिथूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. २०१५ साली उद्यान आणि लगतच्या आरे परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा ३५ बिबटे आढळले. २० फेब्रुवारी २०१९च्या पहाटे त्यांच्यातलाच एखादा असावा असा बिबट्या ठाण्यातल्या समतानगरच्या मॉलमध्ये शिरला, तिथून जवळच्या हॉटेलात गेला आणि काही तासांनी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं. सीसीटीव्हीतली ती धूसर आकृती दिवसभर टीव्हीवर फिरत होती. आपल्या शहराने वाघाचं काढलेलं चित्र ते हेच.

फळीवरचा वाघ

याच डोंगररांगांतल्या जुन्या रहिवाशांनी वाघाचं चित्र फार आधी काढून ठेवलं आहे. त्याचं नाव वाघोबा. कुठे ती सागाची कोरीव फळी असते, कुठे दगड. मूर्ती जवळून पाहावी. वाघ बाजूने दाखवलेला, चारही पाय जमिनीवर घट्ट, शेपूट वळून पाठीवर आलेली. वर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र, कधी शेजारी नाग. वरून तेलात कालवलेला शेंदूर. दरवर्षीचा थर आदल्या वर्षीच्या थरावर चढत जातो आणि छिन्नीचे बारकावे हळूहळू बुजतात. अंगावरचे पट्टे की ठिपके, हा भेदही मग उरत नाही. तो मुळात महत्त्वाचाही नाही, कारण वाघोबात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोघेही येतात.

या मूर्तीत एक गोष्ट ठळकपणे गैरहजर असते : शिकार. जबड्यात बकरी नाही, पंजाखाली माणूस नाही. राजेरजवाड्यांच्या चित्रांत वाघ बहुधा भाल्याखाली किंवा बंदुकीपुढे दिसतो. इथे त्याला कुणी मारत नाही आणि तोही कुणाला मारत नाही. सूर्य-चंद्र साक्षीला ठेवून केलेला हा करार आहे.

कराराची कथा वारली माणसं सांगतात, गावागणिक थोडी वेगळी. एका कुमारिकेला मूल होतं. खेळता खेळता ते वाघ होतं आणि लोकांची गुरं मारू लागतं. गाव आईकडे तक्रार घेऊन येतं. आई लेकाला रानात जायला सांगते. लेक विचारतो, मग मी खाऊ काय? आई तोड काढते : गाव तुझं ठाणं मांडेल, वर्षातून एकदा तुझा मान देईल, तूही गावाला सांभाळ. कथेतला वाघ बाहेरून आलेला शत्रू नाही. तो याच गावच्या लेकीचा लेक आहे, रागीट आणि भुकेला. म्हणूनच त्याच्याशी बोलता येतं.

२०२१ साली वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या ठाण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रम्या नायर आणि विद्या अत्रेय त्या गटात होत्या. दीडशेहून अधिक ठाणी त्यांनी नोंदवली. वाघोबाला मानणाऱ्यांची जनावरं बिबट्या मारत नाही, असं मुळीच नाही. नुकसान त्यांचंही होतं. पण त्या नुकसानाकडे पाहायची एक चौकट त्यांच्यापाशी आहे. मान द्यायचा राहिला असेल, कुठे चूक घडली असेल, असा विचार आधी होतो. सूड हा पहिला विचार नसतो.

दारावर बसवलेली भूक

भयाला रूप देण्याची ही धडपड मानवजातीइतकीच जुनी. जर्मनीतल्या एका गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्यातून कोरलेल्या मूर्तीचे तुकडे सापडले. जोडल्यावर हातभर उंचीचीही नसलेली, माणसाच्या धडावर सिंहाचं डोकं असलेली आकृती उभी राहिली. वय सुमारे ४० हजार वर्षं. सिंहमानव जगात कुठेच नव्हता, तो फक्त कोरणाऱ्याच्या कल्पनेत होता. नरसिंहाला खांबातून बाहेर येताना पाहणाऱ्या आपल्या मनाला तो परका वाटत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण अंबरनाथचं. तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. ते उभारणाऱ्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. त्या काळच्या मंदिरांच्या उंबऱ्यांवर, खांबांवर, शिखरांवर बटबटीत डोळ्यांचं, जबडा फाकलेलं कीर्तिमुख पुन्हा पुन्हा भेटतं. पुराणकथेनुसार राहूला खाण्यासाठी शिवाने एक अक्राळविक्राळ प्राणी निर्माण केला. राहू शरण आला आणि प्राणी उपाशी राहिला. स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्याने हात, पाय, धड सगळं खाल्लं. मुख तेवढं उरलं. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला कायमचं आपल्या दाराशी बसवलं. राखण करायला भयापेक्षा चांगला रखवालदार कोण मिळणार? गडांच्या दरवाजांवर हत्तींना पंजात धरलेले शरभ हे काल्पनिक पशू त्याच बुद्धीने कोरलेले आहेत.

सुंदरबनात हीच बुद्धी अगदी रोजच्या वापराच्या वस्तूत उतरली. वाघ मागून झडप घालतो, हे मध आणि लाकडं गोळा करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला सुरुवात केली. वाघाला वाटावं, माणूस आपल्याकडेच बघतोय. काही काळ ही युक्ती चांगली लागू पडली. रानात शिरण्याआधी बोनबीबी या वनदेवीला हात जोडायचे आणि मग मुखवटा बांधायचा : श्रद्धा आणि रचना तिथे हातात हात घालून चालतात.

भिंतीवरून कागदावर

वारली चित्रकलेचा उगमही मंगल आणि भय यांच्या याच सीमेवरचा. लग्नघरात शेण-मातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी देवचौक लिहितात. तांदूळ वाटून केलेलं पांढरं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. चौकाच्या मधोमध पालघट देवी, भोवती काठांची रांग, फणी, शिडी, सूर्य-चंद्र. चौकाबाहेर झाडं, पाखरं, माणसं आणि वाघसुद्धा. चौकाच्या रेषा देवीला आत सांभाळतात. बाहेरचं रान पुसलं मात्र जात नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले. बिहारमधल्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती त्यांनीच कागद दिला होता. इथेही कागद आला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नविधीच्या बाहेर, स्वतःच्या मनाने चित्रं काढायला घेतली. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

आज तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचणाऱ्या त्रिकोणी माणसा-बायका कुठे नाहीत? स्टेशनच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, दिवाळीच्या कंदिलावर, हाउसिंग सोसायटीच्या लॉबीत. ते बघून बरं वाटतं. पण आपण उचललेल्या त्या जगात वाघ फारसा दिसत नाही. वारल्यांचा आनंद आपण शोभेला घेतला आणि त्यांचं भय पाड्यावरच ठेवून आलो. ज्या शहाणपणाची आपल्याला सर्वांत जास्त गरज होती, ते त्या भयातच होतं.

आपली रचना काय सांगते?

शहरही आपली भीती घडवतच असतं. काचा खोचलेली कुंपणाची भिंत, प्रखर दिवे, कॅमेरे, गेटवरचा पहारा ही आपली भयशिल्पं. पण त्यांच्यात समोरच्याशी बोलण्याची सोय नाही. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले, तेव्हा सगळीकडून एकच मागणी झाली : पकडा आणि दूर सोडा. जुन्नर भागातल्या अभ्यासातून विद्या अत्रेय यांनी दाखवलं, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर सोडलेल्या जागांजवळ हल्ले वाढले. उलट उघड्यावरचा कचरा कमी केला तर भटकी कुत्री कमी होतात, आणि कुत्र्यांच्या मागे येणारा बिबट्याही वस्तीत कमी शिरतो. अंधारात एकटं न जाणं, शौचालय घराजवळ असणं, पायवाटेवर उजेड असणं हे सगळं रचनेचंच काम आहे, आणि वाघोबाच्या करारातल्यासारखं दोन्ही बाजूंना जगू देणारं.

म्हणून एक मागणं मनापासून मांडावंसं वाटतं. वर्तकनगर, उपवन, येऊरच्या पायथ्याच्या भिंती रंगतील, तेव्हा तारपा नृत्याच्या शेजारी वाघ येऊ द्या. तो वारली चित्रकारांकडून काढून घ्या, त्यांच्या नावानिशी आणि योग्य मानधन देऊन. चित्राखाली दोन ओळी लिहा : इथे बिबट्या राहतो, कचरा उघड्यावर टाकू नका, मुलांना रात्री एकटं सोडू नका. शाळांनी वसुबारसेच्या दिवशी मुलांना वाघबारसही सांगावी. आपण कुणाच्या शेजारी राहतो, हे या मुलांना लहानपणीच कळलं, तर पुढचा बिबट्या जिन्याखाली सापडेल तेव्हा मोबाइल घेऊन धावणाऱ्यांची गर्दी नक्की कमी असेल.