इंग्रजीचा पेपर: उत्तर समोरच छापलेलं असतं

दहावीची परीक्षा तोंडावर आली की शनिवार पेठेतून अप्पा बळवंत चौकात शिरणं अवघड होतं. गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, निबंधांची पुस्तकं आणि ती घ्यायला आलेले आईबाप. चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं. ते नाव लावणारी रमणबाग शाळा याच पेठेत आहे. म्हणजे इंग्रजीसाठीची खटपट इथे जुनीच. पण मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण इंग्रजी कच्चं असल्यामुळे जेवढे जातात, जवळपास तेवढेच सूचना न वाचल्यामुळे जातात.

पाठांतर कुठवर पुरतं?

बोर्ड या पेपरला कृतिपत्रिका म्हणतं. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. सध्याच्या आराखड्यात पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० आणि कवितांना १० गुण आहेत, आणि ते उतारे नि कविताही पेपरात छापलेल्या असतात. मग धड्यांची प्रश्नोत्तरं घोकून हाती काय लागणार? धडा ओळखीचा असला की वाचन भराभर होतं, एवढाच फायदा. तोही कमी नाही म्हणा.

उतारा सोडवताना

उतारा दोन गुणांच्या पाच कृतींचा. आधी कृती वाचा, मग उतारा. काय शोधायचं हे ठाऊक असलं की डोळा आपोआप तिथे थांबतो.

उत्तराची सुरुवात प्रश्नातूनच उचलावी. ‘व्हाय डिड द बॉय रन?’ असं विचारलं, तर ‘द बॉय रॅन बिकॉज’ एवढं आयतं मिळालं. मात्र ‘डिड’ उत्तरात आणू नका. ते जातं तेव्हा क्रियापद भूतकाळात येतं. ‘डिड रॅन’ ही आपल्याकडची फार जुनी चूक.

समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द उताऱ्यातून शोधायचा असेल, तर दिलेल्या शब्दाचं रूप बघा. तो अनेकवचनी असेल तर उत्तरही बहुधा अनेकवचनी, तो भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही तसंच. अर्थ नक्की माहीत नसला तरी एवढ्यावरून चार-पाच शब्द तरी बाद होतात.

व्याकरणाच्या कृतीत मराठी आडवी येते. आपला ‘ना?’ कुठल्याही वाक्याला चालतो: येतोस ना, चहा घेतला ना, पाऊस आहे ना. इंग्रजीत क्वेश्चन टॅग मूळ वाक्यातल्या सहायक क्रियापदावरून ठरतो. ‘ही इज कमिंग’ला ‘इझंट ही’. ‘ही लाइक्स टी’मध्ये सहायक क्रियापदच दिसत नाही, म्हणून ‘डझंट ही’. वाक्य नकारार्थी असेल तर टॅग होकारार्थी.

पाचवी कृती स्वतःच्या मताची. इथे बरोबर-चूक असं एकच उत्तर नसतं. तरी मुलं हीच सोडतात, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. साधी, छोटी, पूर्ण अशी तीन-चार वाक्यं लिहा.

लेखन

पत्र आणि बातमी यांत मांडणीलाही गुण असतात. बातमीला मथळा, ठिकाण, तारीख, पहिल्या वाक्यात काय, कुठे, केव्हा घडलं ते, तपशील त्यानंतर. पत्रात स्वतःचं नाव किंवा शाळा लिहू नका, पेपरात दिलेलंच नाव वापरा. सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण तिसऱ्या भागाइतका ठेवा, उदाहरणं गाळा, शीर्षक विसरू नका. माहितीच्या रूपांतराचे दोन पर्याय असतात. वाक्यं जुळवणं जड जात असेल तर परिच्छेद वाचून तक्ता भरण्याचा पर्याय घ्यावा. शब्द उताऱ्यातलेच असतात.

भाषांतर

इंग्रजीच्या पेपरात मराठीला मिळणारे हे ५ गुण. ते शब्दाला शब्द लावून घालवू नका. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चं मराठी ‘मुसळधार पाऊस पडतोय’. त्यात मांजर-कुत्रं आणणारी मुलं अजून भेटतात. वाक्य लिहून झालं की मनात मोठ्यानं वाचा. घरी कुणी असं बोलत नसेल, तर ते बदला.

घड्याळ

तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. दहा गुणांच्या उताऱ्याला बावीस-तेवीस मिनिटं झाली की पुढे सरका. २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. ती नवं लिहायला न वापरता क्रमांक आणि सुटलेल्या कृती तपासायला ठेवा. चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका.