जमैकातले कॅम्पबेल : आडनाव, रक्त आणि आईची नोंद

जमैकात कॅम्पबेल आडनावाची माणसं जागोजागी भेटतात. ग्रँट, गॉर्डन, मॅकेन्झी ही आडनावंही तिथं सर्रास ऐकू येतात. बेटाचा नकाशा उघडला, तर अ‍ॅबर्डीन, ग्लासगो, कलोडन अशी गावं दिसतात. ही सारी नावं अटलांटिकपलीकडच्या स्कॉटलंडमधली. ती लावणारे बहुतेक लोक मात्र आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. अशा घरातल्या कुणी ‘आपला स्कॉटिश पूर्वज कोण?’ असं विचारलं, तर आज उत्तर शोधायला जनुकशास्त्र आणि जुनी दप्तरं दोन्ही हाताशी आहेत. या शोधात बाप सापडतो तो बहुधा प्रयोगशाळेत, आणि आई सापडते ती मालकाच्या नोंदवहीत. दोन्ही पुरावे शेजारी ठेवल्याशिवाय या घरांचा इतिहास पुरा होत नाही.

स्कॉट तिथं पोहोचले कसे?

पनामाच्या किनाऱ्यावर डेरियन इथं वसाहत उभारण्याचा स्कॉटलंडचा प्रयत्न १६९८ ते १७०० या काळात साफ फसला. त्यातून वाचलेला कर्नल जॉन कॅम्पबेल जमैकातल्या ब्लॅक रिव्हर भागात स्थायिक झाला आणि त्याच्यामागून त्याचे भाऊबंदही आले. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडची राज्यं एक झाली, तशा इंग्रजांच्या वसाहती स्कॉट लोकांना खुल्या झाल्या. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पदच्युत राजघराण्याच्या समर्थकांचं जॅकोबाइट बंड मोडलं गेलं. त्या बंडात सामील असलेल्या सर जॉन वेडरबर्न यांना देहदंड झाला, आणि त्यांची मुलं नशीब काढायला जमैकात आली. वडिलोपार्जित जमीन थोरल्याकडे जात असल्यानं अनेक घरांतले धाकटे मुलगे डॉक्टर, हिशेबनीस किंवा मुकादम म्हणून ऊसमळ्यांवर जात. कवी रॉबर्ट बर्न्स यांनीही १७८६ मध्ये जमैकातल्या मळ्यावर हिशेबनिसाची नोकरी पत्करली होती. कवितासंग्रहाला यश मिळालं म्हणून ते गेले नाहीत. १७७४ मध्ये जमैकाचा इतिहास लिहिणाऱ्या एडवर्ड लाँगच्या अंदाजानं बेटावरच्या गोऱ्यांपैकी तिसरा हिस्सा स्कॉट किंवा त्यांच्या वंशातला होता.

यातले बरेचसे पुरुष एकटे येत. मळ्यावरच्या गुलाम स्त्रीला त्यांना नकार देण्याचा अधिकार नव्हता. तिच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्यानं आईच्याच मालकाचं होई, मग बाप कुणीही असो.

आडनावाची साक्ष

गुलामांना बहुधा एकेरी नावानंच ओळखलं जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी किंवा १८३८ मध्ये पूर्ण मुक्तता झाल्यावर लोकांनी आडनावं घेतली. कुणी मालकाचं घेतलं, कुणी मुकादमाचं, कुणी खऱ्या बापाचं. म्हणून कॅम्पबेल हे आडनाव एखाद्या मळ्याकडे बोट दाखवतं, पण रक्ताचं नातं सिद्ध करत नाही. उलट, एखाद्या स्कॉट माणसाचे थेट वंशज आज वेगळंच आडनाव लावत असतील, हेही तितकंच शक्य आहे.

वाय गुणसूत्र काय सांगतं

आडनाव जिथं थांबतं, तिथून वाय गुणसूत्राचं काम सुरू होतं. ते बापाकडून मुलाकडे जातं आणि त्याचा बहुतांश भाग पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसाच राहतो. मधूनच एखादा सूक्ष्म बदल होतो आणि पुढच्या सगळ्या पुरुषांत तो उतरतो. या बदलांवरून पितृवंशाच्या शाखा-उपशाखा ठरवता येतात. पश्चिम आफ्रिकेत ई-एम२ ही शाखा मोठ्या प्रमाणावर आढळते, तर स्कॉटलंडमधल्या बहुसंख्य पुरुषांत आर१बी ही शाखा असते आणि तिची एल२१ ही उपशाखा तिथं आणि आयर्लंडमध्ये विशेष दिसते.

समजा, कॅम्पबेल आडनावाच्या जमैकन पुरुषानं ही चाचणी केली. वंश ई-एम२ निघाला, तर आडनाव मालकाकडून किंवा आईच्या बाजूनं आलं असण्याची शक्यता वाढते. आर१बी निघून स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलांशी बारीकसारीक खुणा जुळल्या, तर आडनाव आणि रक्त एकाच वाटेनं आली असं मानायला आधार मिळतो. आणि खुणा एखाद्या ग्रँट घराण्याशी जुळल्या, तर मळा कॅम्पबेलांचा असला तरी बाप तिथला दुसराच कुणी गोरा नोकर असावा, हे ध्यानात येतं.

या चाचणीची मर्यादाही ठाऊक असायला हवी. सख्ख्या भावांचं वाय गुणसूत्र सारखंच असतं, त्यामुळे दोन भावांपैकी बाप कोणता, हे ती सांगू शकत नाही. शिवाय ती फक्त बापाच्या बापाच्या बापाची एकच ओळ दाखवते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचे आईवडील जमैकाचे. त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव मॅकॉय. अशी आईकडून आलेली ओळ मुलाच्या वाय गुणसूत्रात दिसणारच नाही. त्यासाठी मामाची किंवा मामेभावाची चाचणी करावी लागते.

मातृवंशासाठी मायटोकाँड्रियातला डीएनए तपासतात. तो आईकडूनच सगळ्या मुलांना मिळतो. जमैकात मातृवंश जवळजवळ सगळे आफ्रिकी आहेत, पण पितृवंशांत युरोपी वाटा ठळकपणे दिसतो. ही विषमता अपघाती नाही. गोरा पुरुष आणि गुलाम स्त्री यांच्यातल्या सत्तेच्या नात्याची ती शरीरात उतरलेली नोंद आहे.

टक्केवारीचा मोह

घरी लाळेचा नमुना घेऊन करायच्या चाचण्यांत ‘स्कॉटलंड इतके टक्के’ असा निकाल येतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथंच जातं. ही टक्केवारी म्हणजे आजच्या लोकांच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून हजारो लोक उत्तर आयर्लंडमध्ये वसले. त्यामुळे या दोन प्रदेशांतला फरक डीएनएमध्ये ओळखणं अवघड जातं. दुसरी अडचण गणिताची. प्रत्येक पिढीत पूर्वजाचा वाटा सरासरीनं निम्मा होतो. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १२८ वा भाग, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. दहा पिढ्या मागं गेलं, तर १०२४ पूर्वजांपैकी निम्म्याहून अधिकांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ते पूर्वज खरे असतात, तरी डीएनए त्यांच्याबद्दल गप्प असतो.

म्हणून टक्क्यांपेक्षा जुळणारे तुकडे महत्त्वाचे. जमैकातली एक व्यक्ती, स्कॉटलंडमधली एक आणि कॅनडात गेलेल्या स्कॉट घरातली एक, अशा तिघांत एकाच गुणसूत्रावरचा तोच तुकडा एकमेकांशी जुळला, तर तिघांचा एक समान पूर्वज असण्याची शक्यता बळावते. तो कोण, हे मात्र कागदच सांगतात.

मालकाच्या वहीतली आई

कागदांचा माग उलटा काढत जावा लागतो. जमैकात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८७८ पासूनची आहे. त्याआधी चर्चच्या वह्या. त्याही मागं गेलं, की हाती येतात त्या गुलामांच्या नोंदवह्या. गुलामांची चोरटी आयात रोखण्यासाठी जमैकात १८१७ मध्ये मालकांकडून यादी घेण्यात आली आणि पुढे १८३२ पर्यंत दर तीन वर्षांनी जन्म, मृत्यू आणि विक्रीचे बदल नोंदवले गेले. या वह्या आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत गुलामाचं नाव, वर्ण, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, असे रकाने आहेत. शेऱ्याच्या रकान्यात कित्येकदा आईचं नाव येतं, कारण मूल कुणाच्या मालकीचं हे आईवरून ठरे. बापाच्या नावासाठी रकानाच नाही. वर्णाच्या रकान्यात ‘मुलॅटो’ असा शब्द असला, तर बाप गोरा असावा एवढाच सुगावा लागतो.

बापाचा माग मृत्युपत्रांत आणि मुक्तिपत्रांतही लागतो. १७६१ मध्ये जमैकाच्या विधिमंडळानं गोऱ्या बापाकडून मिश्रवंशीय मुलांना मृत्युपत्रानं मिळू शकणाऱ्या संपत्तीवर दोन हजार पौंडांची मर्यादा घातली. असा कायदा करावा लागला, यावरूनच असे वारसे किती होत असावेत हे कळतं. गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारनं मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली; गुलामांना काहीच नाही. त्या दाव्यांची माहिती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं सर्वांसाठी खुली केली आहे. तिथून मालक कळतो, मालकावरून मळा आणि मळ्यावरून नोंदवही.

या साऱ्याचं मोल रॉबर्ट वेडरबर्न यांच्या आयुष्यावरून समजतं. ते १७६२ मध्ये जमैकात जन्मले. वडील जेम्स वेडरबर्न, देहदंड झालेल्या त्या सर जॉन यांचे पुत्र. आई रोझाना, गुलाम. ती गरोदर असताना तिला विकण्यात आलं, जन्मणारं मूल स्वतंत्र राहील या अटीवर. मोठेपणी रॉबर्ट स्कॉटलंडमधल्या इनवरेस्क इथं वडिलांच्या दारी मदत मागायला गेले, तेव्हा त्यांची जवळपास रिकाम्या हातांनी बोळवण झाली. १८२४ मध्ये सावत्रभावानं वर्तमानपत्रात हे नातंच नाकारलं. रॉबर्ट यांनी त्याच वर्षी पुस्तक लिहून उत्तर दिलं आणि त्यात रोझानाचं नाव जगापुढे ठेवलं. दोन्ही बाजूंच्या थेट पुरुषवंशजांचं वाय गुणसूत्र ताडून पाहिलं, तर असा दावा आज तपासता येतो. पण रोझाना कोण होती, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगणार नव्हती. ते तिच्या मुलाला लिहावं लागलं.

आज शोध सुरू करणाऱ्या कुटुंबानं म्हणूनच दोन कामं लगेच करावीत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसांची, त्यांच्या संमतीनं, चाचणी करून घ्यावी; कारण पूर्वजांचे जे तुकडे त्यांच्यात आहेत, त्यांतले निम्मेच पुढच्या पिढीत उतरले आहेत. त्याच बैठकीत आजीची आई, तिची आई, अशी ठाऊक असतील तेवढी नावं लिहून घ्यावीत. वंशावळीच्या माथ्यावर एखाद्या स्कॉट सरदाराचं नाव लिहिता आलं, तर अवश्य लिहावं. पण त्याच्या शेजारची जागा मोकळी सोडू नये. ज्या स्त्रीमुळे हे कुटुंब अस्तित्वात आलं, तिचं नाव शोधेपर्यंत हा शोध अर्धाच आहे.