पंखाची साक्ष कुठवर धरावी?

बोईसरच्या पूर्वेला नागझरीकडच्या खाणींत जो काळा दगड फुटून त्याची खडी होते, त्यात कीटकाचा पंख सापडेल अशी आशा कुणी धरू नये. तारापूरच्या किनाऱ्यापासून जव्हारच्या पठारापर्यंतचा हा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे हजार अंशांहून अधिक तापलेल्या लाव्हारसातून थिजला. त्यात पंखाची राखही उरणार नाही. मात्र हा लाव्हा सलग वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये लांब उसंत मिळे, खोलगट जागी पाणी साचून तळी होत, तळ्यांत बारीक गाळ बसे, आणि पुढचा लाव्हा येऊन त्या गाळावर झाकण घाली. या थरांना आंतरलाव्हा थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरांतून निघालेल्या चिमुकल्या बेडकांना रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये ‘राना पुसिला’ असे नाव दिले. आज त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ म्हणतात. पालघरच्या दक्षिणेला ही वरळी, तर उत्तरेला, दोनशे किलोमीटरांच्या आत, सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण आहे. तिथल्या अश्मीभूत राळेत अख्खेच्या अख्खे कीटक सापडले आहेत. या दोन ठिकाणांच्या काळात दीड कोटी वर्षांच्या जवळपास अंतर आहे, आणि त्या अंतरात भारताचे बेट आशियाला येऊन भिडले. त्याआधी आपल्याकडे कोणते कीटक होते हे सांगायला राळ उपयोगी पडत नाही. सांगायचेच झाले तर दगडातल्या पंखांवरून सांगावे लागते. म्हणून नुसत्या पंखावरून लोप पावलेला कीटक ओळखता येतो का, आणि येत असेल तर कितपत, या प्रश्नाला महाराष्ट्रात तरी अभ्यासकांच्या चौकटीबाहेरही महत्त्व आहे. माझे म्हणणे असे की पंखाची साक्ष एरवी समजली जाते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. पण सगळ्या पंखांना सारखेच सांगता येत नाही, आणि आपल्या नशिबी नेमके कमी बोलणारे पंख आले.

पंखच का उरतात, याचे कारण साधे आहे. कीटक मेला की मऊ अंग आधी कुजते किंवा कुणीतरी खाते. पक्षी चतुर पकडतो तेव्हा धड गिळतो आणि पंख टाकतो, कारण त्यांत खाण्याजोगे काही नसते. पंख चिवट कायटिनचा, हलका. पाण्यावर तरंगत तळ्याच्या मधोमध जातो आणि प्राणवायू नसलेल्या गाळात निवांत पडून राहतो. आता मुद्दा ओळखीचा. पंखातल्या शिरा कशाही पसरलेल्या नसतात. कॉर्नेल विद्यापीठातील जॉन हेन्री कॉमस्टॉक आणि जेम्स नीडहॅम यांनी १८९८-९९ मध्ये लेखमाला लिहून दाखवले की चतुर असो, माशी असो वा फुलपाखरू, सगळ्यांचे शिराजाल एकाच मूळ आराखड्यातून निघाले आहे. पुढच्या कडेची कोस्टा, मग सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस आणि शेवटी ॲनल शिरा, हा क्रम त्यांनी रूढ केला. त्यांनी त्याला आधार घेतला होता तो पिल्लाच्या कोवळ्या पंखातल्या श्वासनलिकांचा. तो आधार पुढे अनेक ठिकाणी डळमळीत ठरला, पण शिरांची नावे आणि क्रम टिकले. याचे श्रेय पंखाच्या घडणीला आहे. पंख सपाट नसतो, कारखान्याच्या शेडवरच्या पन्हळी पत्र्यासारखा तो उंच-सखल असतो. काही शिरा नेहमी उंचवट्यावर असतात, काही खोलात. शिरेचा मधला भाग तुटला असला तरी ती वरची की खालची एवढे कळले तर ती कोणती हे बहुधा ठरवता येते. अर्थात यातही एक ग्यानबाची मेख आहे. दगड फुटून दोन पाळी होतात तेव्हा एका पाळीवर जो उंचवटा असतो तो दुसरीवर खोल दिसतो. कोणती पाळी हातात आहे आणि पंखाची कोणती बाजू वर आहे हे ठरवल्याशिवाय शिरांना नावे देणारा फसतो.

मग यावरून किती खालपर्यंत जाता येते? वर्गीकरणाची उतरंड गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. चतुरांच्या पंखात पुढच्या कडेच्या मध्याजवळ एक गाठ असते, टोकाजवळ एक गडद ठिपका असतो, बुडाशी एक त्रिकोणी खण असतो. यांची जागा आणि आकार पाहून कुल तर सोडाच, प्रजातीपर्यंत जाता येते. फ्रान्समधल्या कॉमेंत्री येथील कोळशाच्या खाणीतून निघालेला ‘मेगान्यूरा मोन्यी’ हा जवळपास पाऊण मीटर पसाऱ्याचा प्राणी शार्ल ब्राँन्यार यांनी १८८५ मध्ये चतुरांचा दूरचा नातलग ठरवला, तो मुख्यतः पंखांच्या जोरावर, आणि ते नाते आजवर टिकले आहे. जिवंत कीटकांवर ही पद्धत तपासूनही पाहता येते, आणि पंखावर विश्वास ठेवण्याचे हेच माझे मुख्य कारण आहे. मधमाशीच्या पुढच्या पंखातल्या एका खणाच्या खालच्या शिरेचे दोन तुकडे पडतात. त्यांच्या लांबीच्या गुणोत्तराला क्युबिटल इंडेक्स म्हणतात, आणि मधमाश्यांच्या जाती व वाण वेगळे काढायला ते जगभर वापरले जाते. सातेरी आणि युरोपीय मधमाशी यांच्यातला फरक नुसत्या शिरांच्या मोजमापात दिसतो. हिवतापाच्या ॲनोफिलीस डासांच्या जाती ओळखतानाही पंखावरचे काळे-पांढरे ठिपके पाहतातच. ज्यांचे धड, डोके, पाय समोर आहेत त्यांच्याबाबत पंख बरोबर उत्तर देत असतील, तर ज्यांचे पंखच तेवढे उरले त्यांच्याबाबत त्यांचे ऐकू नये असे म्हणायला कारण हवे.

कारणे मांडली गेली आहेत, आणि ती हलकी नाहीत. पहिले असे की उडण्याच्या यांत्रिक गरजा सगळ्यांना सारख्या, त्यामुळे दूरच्या कीटकांचेही पंख एकमेकांसारखे होतात. हे खरे आहे. अंगाने अगदी लहान झालेल्या कीटकांच्या शिरा झडतात, मग ती गांधीलमाशीची चुलत बहीण असो की चिलटाची. तेव्हा शिरांचा अभाव हा नात्याचा पुरावा धरता येत नाही. पण शिरा फुटण्याची जागा, कोणती शीर कोणत्या शिरेला आडवी जोडली आहे, घडी कुठे पडते, अशा चार-पाच गोष्टी एकाच वेळी योगायोगाने जुळत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. एकाच जातीत, किंबहुना एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पंखांतही शिरा थोड्या वेगळ्या असतात. झुरळवर्गात तर हा फरक फार मोठा. कोळशाच्या थरांतील झुरळांच्या पंखांना एके काळी भराभरा नवी नावे दिली गेली. जातीअंतर्गत फरक किती असतो याचा हिशेब लागल्यावर त्यांतली बरीच एकमेकांत विलीन करावी लागली. यावरून पंख खोटे ठरत नाहीत, नावे देणाऱ्यांची घाई ठरते. शिवाय खडक दाबला-ओढला गेला की पंखाची लांबी-रुंदी बदलते, म्हणून प्रमाणांपेक्षा शिरांची जोडणी अधिक भरवशाची. आणि पंखाऐवजी दुसरा अवयव अधिक बरा असेही नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या चाळीस कोटी वर्षांहून जुन्या दगडातला ‘राइनिओग्नाथा’ फक्त जबड्यांवरून ओळखला गेला. २००४ मध्ये तो कदाचित पंख असलेला आद्य कीटक असावा असे मांडले गेले, आणि २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी ते जबडे गोमवर्गाचे असल्याचे म्हटले.

आता नागपूरकडे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोघे स्कॉटिश मिशनरी. हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होते. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे, आणि १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. नागपूरजवळच्या टाकळीच्या आंतरलाव्हा थरांतून त्यांनी शिंपले, फळे, बिया यांच्याबरोबर कीटकांचे अवशेषही गोळा केले. १८६० मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप यांच्या लेखासोबत ॲंड्र्यू मरे यांनी त्यांचे वर्णन दिले. मरे मूळचे एडिंबराचे वकील, पण भुंगेऱ्यांचे जाणकार. ‘लोमेटस हिस्लोपी’, ‘मेरिस्टॉस हंटेरी’ या नावांत शोधकर्त्यांचीच आठवण ठेवली आहे. महाराष्ट्राच्या मातीतल्या लुप्त कीटकांना मिळालेली ही आरंभीची शास्त्रीय नावे, आणि त्यांचा आदर राखूनच त्यांच्याबद्दल साशंक राहावे लागते. कारण टाकळीला मिळाले ते कवचपंख. भुंगेऱ्याचा पुढचा पंख उडण्यासाठी नसतो. तो कडक होऊन पाठीवरचे झाकण बनलेला असतो. वर सांगितलेले शिराजाल त्यावरून पुसले गेलेले असते. उरतात त्या रेघा आणि टिंबांच्या ओळी, आणि अशा ओळी भुंगेऱ्यांच्या कितीतरी कुलांत वारंवार येतात. वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती चार लाखांच्या घरात आहेत हे लक्षात घेतले की नुसत्या कवचावरून त्यांतला एक शोधणे किती जोखमीचे, ते उमगते. म्हणूनच पर्मियन आणि ट्रायासिक काळातल्या सुट्या कवचपंखांसाठी अभ्यासकांनी उघडपणे सोयीच्या, नाते न सांगणाऱ्या प्रजाती ठेवल्या आहेत. टाकळीच्या नावांकडेही तसेच पाहावे असे मला वाटते: जीवाश्म खरे, भुंगेरा खरा, पण त्यापुढचे नाते उधारीवरचे.

ही नुसती नावांची कुरकुर नव्हे. वस्तानच्या राळेवरचे संशोधन येस रुस्ट, हुकम सिंग, राजेंद्र राणा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. पाच कोटी वर्षांहून थोड्या जुन्या त्या राळेत १४ गणांतील, ५५ हून अधिक कुलांतील, १०० हून अधिक जातींचे संधिपाद त्यांना मिळाले. ही राळ द्रावकात विरघळते, त्यामुळे कीटक अख्खा बाहेर काढून पाहता येतो. कोट्यवधी वर्षे एकट्या पडलेल्या भारतावर जगावेगळे कीटक असतील ही अपेक्षा होती. निघाले उत्तर युरोप, ऑस्ट्रेलेशिया आणि उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या कीटकांचे नातलग. मग ते भारत आशियाला भिडताना आले, की बेट असतानाच इथे होते? याचे उत्तर फक्त आधीच्या थरांत, म्हणजे टाकळी आणि वरळीसारख्या ठिकाणी असू शकते. तिथल्या एखाद्या भुंगेऱ्याचे कुल चुकीचे धरले तर एका खंडाच्या प्रवासाचा निष्कर्ष चुकतो. राळ असताना पंखांचा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. शिवाय राळेत अडकतात ते बहुतेक लहान कीटक; मोठा चतुर सुटून जातो. आणि राळेतला कीटक दगडातल्याशी ताडून पाहायचा तर दोघांत हमखास सामाईक असा अवयव पंखच.

तेव्हा आपल्याकडे हवेत ते पातळ, शिराळ पंख: चतुराचे, माशीचे, तुडतुड्याचे, किंवा भुंगेऱ्याचाच कवचाखाली दुमडलेला मागचा पंख, ज्यावर शिरा शाबूत असतात. ते शोधायचे तर दगड पाहण्याची सवय बदलावी लागेल. पालघरच्या खाणींत दोन लाव्हांच्या मध्ये अनेकदा लाल मातीचा पट्टा दिसतो; तो उन्हापावसात सडलेला दगड आहे, तळ्याचा गाळ नव्हे, त्यामुळे तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. बेसॉल्टच्या भेगांवर मँगनीजच्या काळ्या फांद्यांची नक्षी उमटते, तिला पाहून पुष्कळांना नेचा किंवा पंख आठवतो. ती नक्षी भेगेच्या कडेपासून पसरते, तिला ना बूड ना सीमारेषा, आणि तिच्या फांद्या आडव्या शिरांनी एकमेकींना जोडलेल्या नसतात. अशा साम्याने जाणतेही चकतात: भीमबेटक्याच्या गुहेच्या छतावर २०२१ मध्ये जाहीर झालेला ‘डिकिन्सोनिया’ हा अतिप्राचीन प्राणी दोनच वर्षांत आग्या माश्यांच्या पोळ्याची खूण ठरला. बारीक कणांचा, पापुद्रे सुटणारा शेल किंवा चर्ट, त्यात शिंपले आणि पाणवनस्पतींच्या बिया, असा थर दिसला तर मात्र पापुद्रे सावकाश, तिरप्या उजेडात उलगडावेत, आणि दोन्ही पाळी जपून ठेवाव्यात. एक पाळी फेकली, तर शीर वरची की खालची हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.