समितीत आपलीच माणसे

कारंजा, वाशीम, रिसोड या गावांच्या पेठांत काही जुन्या वाड्यांच्या जागी आता तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. वाडा एका कुटुंबाचा होता. इमारतीत खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर थोरले बंधू, दुसऱ्यावर धाकटे, त्यांच्या वर जावई किंवा आतेभाऊ आणि उरलेल्या सदनिका बाहेरच्या खरेदीदारांना विकलेल्या, अशी मांडणी होते. पुढे व्यवस्थापन समिती निवडताना अध्यक्ष थोरले, सचिव धाकटे आणि कोषाध्यक्ष भाचा, ही रचना बहुधा कोणी ठरवून केलेली नसते. दुसरे कोणी पुढे येत नाही, म्हणून ती होते. पाण्याच्या टाकीपासून चौकीदाराच्या पगारापर्यंतची विनामोबदला कामे घरचीच माणसे अंगावर घेतात, हे त्यांच्या बाजूने प्रथम नोंदवले पाहिजे.

सहकारी गृहनिर्माणाचा आरंभही परक्या माणसांतून झालेला नाही. रावबहादूर एस. एस. तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही एका लहान समाजातील, एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांची संस्था होती. जवळीक हेच तिचे भांडवल होते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये या जवळिकीची दोन्ही अंगे दिसतात. संस्था नोंदवताना अर्जदार वेगवेगळ्या कुटुंबांतील असावेत, असे कलम ६ सांगते. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जोडलेल्या स्वतंत्र प्रकरणात मात्र सहयोगी सदस्याची व्याख्याच पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या अशा नात्यांच्या यादीने केली आहे. स्वतंत्र सदनिकांचे मालक असलेले दोन सख्खे भाऊ हे दोन स्वतंत्र सदस्य ठरतात. उपविधींचा रोख नात्यापेक्षा हितसंबंधाकडे आहे. पदाधिकाऱ्याने संस्थेशी होणाऱ्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवू नये, असे आदर्श उपविधी बजावतात. गच्चीच्या जलरोधनाचे सिमेंट अध्यक्षांच्या मेहुण्याच्या दुकानातून येते, तेव्हा ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माल उत्तम असेल, भावही रास्त असेल. परंतु तीन दरपत्रके मागवलीच नसतील, तर ते सिद्ध करण्याचा मार्ग उरत नाही.

बँकिंग क्षेत्राने हा धडा महागात घेतला. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २००३ पासून नागरी सहकारी बँकांना संचालक, त्यांचे नातेवाईक व त्यांचे हितसंबंध असलेल्या पेढ्यांना कर्ज देण्यास मनाई केली. सगळेच संचालक अप्रामाणिक होते, असा त्याचा अर्थ नव्हे. नकार देणे ज्याच्या कामाचा भाग आहे, त्याला घरच्या माणसाला नकार देता येत नाही, एवढेच त्यात गृहीत धरले होते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासण्याजोगी आहे. विदर्भातील अनेक इमारती सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली घोषणापत्राने नोंदलेल्या असतात. सहकारी संस्थेत एका सदस्याला एक मत. येथे मताचे वजन घोषणापत्रातील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरते. तळमजल्याची दुकाने आणि मोठ्या सदनिका तिघा भावांच्या नावे असल्या आणि त्यांचा एकत्रित हिस्सा निम्म्याहून अधिक असला, तर उरलेल्या आठ कुटुंबांनी एकमुखाने विरोध करूनही निर्णय भावांचाच होतो. सदनिका घेताना खरेदीखत बारकाईने वाचणारेही घोषणापत्र क्वचितच उघडतात.

या आठ कुटुंबांत एखादा शिक्षक असतो, एखादा एसटीतील कर्मचारी असतो. कर्ज काढून घर घेतलेले असते आणि महिन्याचा किराणाही खालच्याच दुकानातून उधारीवर येत असतो. दुरुस्तीच्या बिलाची प्रत मागणे म्हणजे साऱ्या घराण्यावर संशय घेणे, अशी त्याची धास्ती असते. तो गप्प राहतो आणि समिती त्या गप्प राहण्याला विश्वास समजते.

दुसरा धोका घराण्यालाच आहे. सचिवाच्या सहीसोबत अध्यक्ष किंवा कोषाध्यक्षाची सही, अशी धनादेशाची प्रचलित पद्धत आहे. ही दुसरी सही पहिलीवर लक्ष ठेवण्यासाठी असते. काका-पुतण्यांत ती केवळ औपचारिकता उरते. पुढे दुकानाची वाटणी निघते, भाऊ बोलेनासे होतात आणि लिफ्टच्या देखभालीचा धनादेश एका सहीवाचून पडून राहतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी आजीबाईंचा त्या वाटणीशी काहीही संबंध नसतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि आपले क्षमापनेचे दिवसही बहुधा याच सुमारास येतात. साऱ्या गावाची क्षमा मागून आलेले दोघे भाऊ त्याच आठवड्यात सभेच्या इतिवृत्तावरून एकमेकांविरुद्ध निबंधकांकडे अर्ज करतात, हे चित्र सुखावह नाही.

घरचे दोघे समितीत असण्यास हरकत नाही. दोघांच्या सह्या एकाच धनादेशावर नसाव्यात. कोषाध्यक्षपद बाहेरच्या कुटुंबाकडे द्यावे. नातलगाच्या दरपत्रकावर चर्चा सुरू झाली की संबंधित सदस्याने उठून बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. जमाखर्च दरमहा सूचनाफलकावर लावावा, म्हणजे शिक्षकाला तो मागावा लागणार नाही. सह्यांचा अधिकार बदलण्यासाठी समितीचा ठराव आणि बँकेत नव्या नमुना सह्या एवढेच लागते. कागद पूर्ण असले, तर ते एका दुपारचे काम आहे.