किंमत आणि गुणवत्ता : उष्णजलकुंडाच्या खरेदीचे एक उदाहरण

मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. नाद खणखणीत आला की मडके निकोप, बद्द आला की त्यास कोठेतरी चीर गेलेली. दोन क्षणांत व एक पैही न खर्चता गिऱ्हाइकाला मालाचा कस कळतो, आणि म्हणून कुंभारालाही चिरलेले मडके निकोप मडक्याच्या दराने विकता येत नाही. परंतु जी वस्तू अशी वाजवून पाहता येत नाही तिची किंमत तिच्या गुणाशी कितपत निगडित राहते, हा अर्थशास्त्रातील एक नाजूक प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका काहीशा अनपेक्षित वस्तूच्या आधारे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेत घराच्या अंगणात बसविले जाणारे उष्णजलकुंड, तेथील बोलीत ‘हॉट टब’.

टिबोर सितोव्स्की यांनी १९४४-४५ साली किमतीवरून गुणवत्ता ठरविण्याच्या सवयीचे परिणाम तपासले होते. ग्राहक किमतीलाच गुणाची खूण मानू लागला की किंमत उतरविल्याने मागणी वाढेलच असे उरत नाही. उलट स्वस्ताईचाच संशय येऊ लागतो. पुढे १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की विक्रेत्यास ठाऊक असलेला दोष ग्राहकास ठाऊक नसेल, तर ग्राहक सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो व चांगला माल बाजारातून निघून जातो. त्याच वर्षी फिलिप नेल्सन यांनी खरेदीपूर्वी तपासता येणारे गुण व वापरानंतरच कळणारे गुण यांत भेद केला. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यात तिसऱ्या वर्गाची भर घातली : वापरूनही जे नीटसे कळत नाहीत आणि विश्वासावरच घ्यावे लागतात असे गुण.

उष्णजलकुंडात हे तिन्ही वर्ग एकत्र नांदतात. कवचाचा रंग, बैठकींचा आकार, पाण्याच्या फवाऱ्यांची संख्या ही डोळ्यांना दिसते, आणि जाहिराती तिच्यावरच भर देतात. वस्तुतः फवाऱ्यांची संख्या हा अत्यंत फसवा मापदंड होय. पंप तोच ठेवून छिद्रे दुप्पट केली तर प्रत्येक छिद्राच्या वाट्यास येणारे पाणी कमी होते. मोजणी मात्र दुप्पट भरते. पंपाच्या ‘अश्वशक्ती’ची गोष्टही तशीच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. २३० व्होल्टवर १० अँपिअर घेणारा पंप फार तर २,३०० वॉट, म्हणजे सुमारे ३.१ अश्वशक्तीइतकी वीज ओढतो, व तिच्यातून पाण्यास मिळणारी शक्ती याहून कमीच असते. अशा पंपावर ५ अश्वशक्ती असे छापलेले आढळल्यास तो आकडा सलग चालण्याचा नव्हे, हे साध्या गुणाकाराने कळते. हा गुणाकार फारसे कोणी करीत नाही, हेच विक्रेत्याचे भाग्य.

खरी गुणवत्ता लपलेली असते ती बाहेरील आवरण व आतील कवच यांमधील पोकळीत, म्हणजे उष्णतारोधनात. तिचे महत्त्व आकड्यांनीच पटेल. ४०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १,५१४ लिटर पाणी १५ अंश सेल्सियसवरून ३९ अंशांवर नेण्यास सुमारे ४२ युनिट वीज पुरते. परंतु हे कुंड वर्षभर तापलेलेच ठेवतात. त्यास सतत २४० वॉटच्या आसपास वीज लागत असेल, तर वर्षाकाठी २,१०० युनिट होतात. पहिल्या तापवणीच्या हा पन्नासपट खर्च झाला, आणि तो बहुतांशी कुंडात कोणी बसलेले नसताना होतो! यातील मोठा भाग वरच्या अंगाने जातो, कारण एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता सोबत नेते. म्हणून झाकण हा कुंडाचा दुय्यम भाग नसून प्रधान भाग आहे. फेसाळ पॉलिस्टायरीनचे झाकण वर्षानुवर्षे वाफ शोषून जड होते व त्याचा रोधकगुण खालावतो. जुने कुंड घेणाऱ्याने प्रथम झाकण उचलून पाहावे. मडके वाजविण्याच्या सर्वांत जवळ जाणारी परीक्षा हीच.

ही लपलेली बाजू उघडी करण्याचे काम कॅलिफोर्निया राज्याच्या ऊर्जा आयोगाने केले. २००६ पासून तेथे कुंडाच्या विश्रांतिकालीन वीजवापरास कमाल मर्यादा आहे. मूळ सूत्र असे : गॅलनमधील आकारमानाचा दोन-तृतीयांश घात घेऊन त्यास ५ ने गुणावे, येईल तितके वॉट. दोन-तृतीयांशच का? उष्णता पृष्ठभागातून जाते, आणि समान घडणीच्या पात्रांत पृष्ठफळ आकारमानाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढते. ४०० गॅलनसाठी ही मर्यादा सुमारे २७१ वॉट येते. जून २०१९ पासून गुणक ३.७५ करून त्यात ४० वॉटचा स्थिर भाग मिळविला गेला, तेव्हा तेच कुंड सुमारे २४४ वॉटवर आले. नियंत्रक यंत्रणेसारखा जो खर्च आकाराबरोबर फारसा बदलत नाही, त्याची सोय या स्थिर भागाने होते. याचा एक गमतीचा परिणाम असा की सुमारे १८१ गॅलनांहून लहान कुंडांस नवे सूत्र जुन्याहून सैल पडते. ‘नियम कडक झाला’ हे विधान म्हणूनच सरसकट खरे नाही.

चाचणी झाकण घालून, पाणी १०२ अंश फॅरनहाइट व भोवतालची हवा ६० अंश ठेवून घेतात. मिनेसोटासारख्या प्रदेशात हिवाळ्यात हवा उणे १० अंश सेल्सियसपर्यंत उतरली की तापमानातील अंतर २३ वरून ४९ अंशांवर जाते व उष्णतेचा ऱ्हास दुपटीहून अधिक होतो. आकडा तुलनेस उपयोगी आहे, वीजबिलाच्या भाकितास नव्हे. (आपल्याकडील साठवणीच्या विद्युत् जलतापकांवरील तारेही अशाच, न वापरता होणाऱ्या ऱ्हासाच्या मोजणीवरून दिले जातात.)

आता किमतीचा हिशेब. दोन कुंडांच्या विश्रांतिकालीन वापरात १०० वॉटचे अंतर असेल तर वर्षाला ८७६ युनिट वाचतात. युनिटचा दर २० सेंट धरल्यास ही बचत सुमारे १७५ डॉलरची होते. दहा वर्षांची बचत ५ टक्के व्याजदराने आजच्या मूल्यात आणली असता सुमारे १,३५० डॉलर येते. तेव्हा केवळ या गुणासाठी तितकी जादा किंमत देणे योग्य, त्यापुढे नाही. कुंडांच्या किमती काही हजार डॉलरांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत पसरलेल्या असतात. हे सारे अंतर रोधनाने भरून निघणे शक्य नाही. उरलेली रक्कम कशासाठी, हे ग्राहकाने विचारावयास हवे.

त्याचे एक उत्तर हमीपत्रात मिळते, पण ते उलट वाचावे लागते. क्वचितच तडकणाऱ्या कवचावर दीर्घ मुदतीची हमी देण्यास विक्रेत्यास काहीच पडत नाही. म्हणून तिच्यापासून गुणाचा बोधही होत नाही. पंप, तापक, नळजोड व दुरुस्तीची मजुरी यांवरील मुदत मात्र त्याच्या खिशाला झोंबते. दोन कुंडांची तुलना करावी ती या मुदतींवरून. संपूर्ण पोकळी फेसाने भरलेल्या कुंडात तर मजुरीचा प्रश्न विशेष बिकट : उष्णता उत्तम राखणारा तोच फेस गळतीची जागा शोधू देत नाही, आणि दुरुस्तीसाठी तो खरवडून काढावा लागतो.

बैठक अंगाला बसते की नाही, हे मात्र कोणत्याही सूत्रात येत नाही. काही दुकानांत भरलेल्या कुंडात उतरून पाहण्याची सोय असते. संकोच बाजूस ठेवून तिचा लाभ घ्यावा, आणि पंप चालू असताना त्याचा आवाजही ऐकावा.