एका किलोत अडीचशे फ्लॅट

मुलुंडच्या मातीकामाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी बाईंनी मला कप करूच दिला नाही. पेढ्याच्या खव्यासारखा पांढरा, गार गोळा हातात दिला, त्याची बोटभर रुंद पट्टी लाटायला लावली आणि तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारायला सांगितली. माती पोर्सेलिनची होती. ‘‘भट्टीतून आली की मोजा, मग कपाचं बघू,’’ म्हणाल्या. तीन आठवड्यांनी पट्टी हातात आली, खणखणीत वाजणारी. रेघ भरली साडेआठ.

दीड सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही, असं मला वाटलं. लोकलमध्ये बसून गणित केलं तेव्हा डोळे उघडले. लांबी १५ टक्के घटली म्हणजे क्षेत्रफळ २८ टक्के घटलं. सुपर बिल्ट-अप भागून कार्पेटवर आलेल्या उपनगरवासीयाला एवढं पचतं. पण मूर्तीला उंचीही असते. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून १५ टक्के गेले की घनफळ ३९ टक्के कमी होतं. हातात घेतलेल्या वस्तूच्या पाचातले जवळजवळ दोन भाग भट्टीतून परत येतच नाहीत.

हे जातं कुठे, ते कळायला मातीच्या पोटात शिरावं लागतं. पोर्सेलिनच्या मातीतला साधारण निम्मा भाग केओलिन; बाकी फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड. केओलिनचे कण म्हणजे सपाट चकत्या, बऱ्याचशा मायक्रॉनभर रुंद. एका केसाच्या जाडीत अशा सत्तरेक चकत्या शेजारी शेजारी मावतील. त्या इतक्या बारीक आणि इतक्या चपट्या, की एका ग्रॅम केओलिनमधल्या सगळ्या चकत्यांचा पृष्ठभाग १० ते २० चौरस मीटर भरतो. कमीतला आकडा धरू. चिमूटभर पुडीत १०७ चौरस फूट, म्हणजे एक बरी खोली. किलोभरात एक हेक्टर, अडीच एकर. अंधेरीच्या भाषेत सांगायचं तर ४३० चौरस फूट कार्पेटचे वन बीएचके अडीचशे! आणि हे सगळं भाजीवाल्याच्या कागदी पिशवीत मावतं. (दर काय लावायचा तो ज्याचा त्याने लावावा.)

या सगळ्या पृष्ठभागाला पाणी चिकटलेलं असतं. चकतीवरून चकती घसरते ती त्या पाण्यावर; माती हवी तशी वळते ती त्यामुळेच. पाणी उडालं की चकत्या जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. पाणी नीट उडू दिलं नाही तर? एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६७० लिटर होते. चहाच्या चमचाभर ओलाव्याला एकदम आठ लिटर जागा हवी असते, आणि ती मूर्तीच्या पोटात नसते. मूर्ती फुटते आणि शेजारच्या दोघींना घेऊन जाते.

सुकलेल्या मातीतही पाणी उरतं. केओलिनच्या वजनातले १४ टक्के पाणी रासायनिक बंधात अडकलेलं असतं. ते सुटायला साडेचारशे ते सहाशे अंश लागतात. त्याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, गारगोटीचे स्फटिक एकाएकी फुगतात, आणि भट्टी निवताना त्याच अंशावर पुन्हा आखडतात. म्हणून ‘जरा उघडून बघू’ हा मोह भट्टीपाशी महाग पडतो.

आणि शेवटचा आकडा १,३०० अंश, पोर्सेलिनच्या भट्टीचा. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, इमारतींच्या मधोमध उभा २०० फुटी काळा कडा, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. बसाल्टचा लाव्हा साधारण १,१०० ते १,२०० अंशांचा असतो. म्हणजे पोर्सेलिनची भट्टी गिल्बर्ट हिल वितळलेला होता त्याहून तापलेली! तेवढ्या धगीत फेल्डस्पार वितळून उरलीसुरली पोकळी भरतो, वस्तू दुसऱ्यांदा आक्रसते, आणि याच वेळी ती मऊही होते. उभी राहिली तर राहिली.

त्याच बसाल्टमुळे आपली माती पांढरी नाही. त्यात लोखंडाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या वर. पोर्सेलिनला एक टक्काही जड जातो. इकडच्या मातीकामात मोठं नाव ब्रह्मदेव राम पंडित यांचं. बिहारमधल्या नवादाचे, काम भाईंदरला, २०१३ साली पद्मश्री. त्यांची वाट पोर्सेलिनची नाही, स्टोनवेअरची. पण तीही माती भट्टीत दहा-बारा टक्के घेतेच.

पोर्सेलिनमध्ये या आकड्यांशी उभा जन्म झुंजलेला माणूस बघायचा तर क्योतोचा सुएहारु फुकामी. १९४७चा जन्म, घर कुंभारकामाचंच. चाकावरची गोलाई त्याने सोडली आणि धार धरली. त्याची शिल्पं तलवारीच्या पात्यासारखी किंवा लाटेच्या कडेसारखी, वर निळसर पांढरी झिलई. काही मीटरभराहून लांब. हाताने अशी कडा साधेना, म्हणून त्याने मातीचा पातळ घोळ कॉम्प्रेसरच्या दाबाने प्लास्टरच्या साच्यात भरायला सुरुवात केली. ज्या पीओपीने आपण गणपती करतो, तेच प्लास्टर. इथे ते साचा होऊन पाणी शोषतं.

आता माझ्या पट्टीचा हिशेब त्याच्या पात्याला लावा. मीटरभर पातं हवं तर ते जवळजवळ ११८ सेंटिमीटरचं ओतायचं. सुकताना आणि भाजताना मिळून प्रत्येक टोक नऊ सेंटिमीटर आत सरकणार. कागदासारखी धार, वाटेत ती मऊ पडणार, तरी वाकता कामा नये. एका केसाएवढी वाकली तरी त्या झिलईवर प्रकाश तुटून दिसतो. या कामावर १९८५ साली इटलीतल्या फाएन्झाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं; तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याची शिल्पं आहेत. त्यांच्या पाट्यांवर मापं लिहिलेली असतात, ती भट्टीतून वाचलेली मापं. ओतलेली मापं कुठेच लिहीत नाहीत.

माझा कप अजून झालेला नाही. तुम्ही क्लास लावलात तर पहिल्या दिवशी पट्टी करा, आणि रेघ माती ओली असतानाच मारा. सुकल्यावर मारलेली रेघ खोटं सांगते.